झाउमे प्लेन्सा आता तेच तेच करतोय का?

खडूमाती:
बार्सिलोनाचा शिल्पकार झाउमे प्लेन्सा (जन्म १९५५). माझं स्पष्ट मत, या माणसाचं खरं काम २००४ ते २००७ मधलं. शिकागोचं क्राउन फाउंटन घ्या, काचेच्या विटांचे ५० फुटी दोन मनोरे, आत एलईडी, त्यावर हजारेक शिकागोकरांचे चेहरे एकेक करून येतात, ओठांचा चंबू करतात आणि नेमकी तिथूनच पाण्याची धार सुटते, खाली पोरं चिंब. मग फ्रान्समध्ये नीसच्या चौकात उंच खांबांवर बसवलेली सात खंडांची सात माणसं, रात्री आतून रंग बदलत राहतात. आणि नंतर? आतला उजेड, रंग गेले, उरली डोळे मिटलेल्या मुलींची तीच लांबुळकी पांढरी डोकी. स्कॅन करायचं, ताणायचं, उभं करायचं.

हडसनकाठ:
अजिबात पटलं नाही. न्यूयॉर्कसमोर नदीपलीकडच्या जर्सी सिटीत २०२१ पासून त्याचं 'वॉटर्स सोल' आहे, ८० फूट, ओठांवर बोट, तोंड न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनकडे, म्हणजे पूर्वेला. सकाळी ऊन थेट चेहऱ्यावर असतं, दुपारनंतर सूर्य पाठीमागे गेला की गाल, पापण्या सगळं राखाडी होत जातं. उजेड सोडलाय कुठे त्याने, वायरिंग तेवढं काढलंय.

खडूमाती:
ऊन काय कुठल्याही पांढऱ्या भिंतीवर पडतंच की! शिकागोतले चेहरे त्या गावचे होते, रोज तिथून जाणाऱ्यांचे, ते मला मोठं वाटतं.

गेरू:
मग इंग्लंडमधल्या सेंट हेलन्सचं 'ड्रीम' (२००९) विसरलात. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावर २० मीटरचं पांढरंशुभ्र डोकं, नऊ वर्षांच्या मुलीचं. प्लेन्साने आधी खाणकामगाराच्या दिव्याची कल्पना आणली होती, ती जुन्या खाणकामगारांनाच पटली नाही, त्यांना पुढचं बघणारं काहीतरी हवं होतं. म्हणजे दिवा जाऊन ते पांढरं डोकं आलं ते गावकऱ्यांमुळे, आणि कोळशाच्या गावात पांढरा हा रंगच आहे हो, केवढा मोठा रंग!

खडूमाती:
तिथे शोभतंच, वाद नाही. पण तिथे लोकांनी मागितलं होतं. माद्रिदच्या कोलोन चौकात २०१८ ला 'जुलिया' बसवली ती कुणी मागितली होती?

गेरू:
मागितली नसेल. पण पूर्वी कोलंबस उभा होता त्या चौथऱ्यावर १२ मीटरची एक साधी मुलगी बसवली, तीही आधी एका वर्षासाठीच, आणि मग मुदत वाढवली. लोकांना नको असती तर वर्ष संपल्यावर उतरवलीच असती ना.