अनुभव धागा: सोलापूरच्या सीमेवरील लहान गावे

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेले आणि अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व मंगळवेढा हे तालुके सीमेवर राहिले. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर म्हैसूरला द्यावेत असे सुचवले होते. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. त्या वादावर पुष्कळ लिहून झाले आहे. येथे, या गावांत राहिलेल्यांनी तिथला रोजचा व्यवहार सांगावा, एवढीच विनंती आहे.

दुधनी, आडत दुकानातील दिवाणजी:

तुरीचा हंगाम सुरू झाला की आमच्या बाजारात कर्नाटकातील आळंद आणि अफझलपूर तालुक्यांतील शेतकरी माल घेऊन येतात, कारण त्यांना दुधनी जवळ पडते आणि त्यांची आडत वडिलांपासून ठरलेली असते. बोलणे कन्नडमध्ये होते, पट्टी मी मराठीत लिहितो, आणि पट्टी वाचता येत नाही म्हणून कोणी हिशोबावर शंका घेतल्याचे मला आठवत नाही. लग्नकार्यासाठीची उचलही याच विश्वासावर दिली जाते. अडचण येते ती जमिनीच्या कागदांत. ज्यांची शेती दोन्ही बाजूंना आहे त्यांना इकडे सातबारा आणि तिकडे पहाणी अशी दोन दफ्तरे सांभाळावी लागतात. बांधाला बांध लागून असलेल्या दोन तुकड्यांवर एकच अवकाळी पाऊस पडतो, परंतु पंचनामा वेगळा, भरपाईचा दर वेगळा आणि ती मिळण्याची वेळही वेगळी. माझ्या मते सीमेची सर्वांत मोठी झळ हीच आहे.

अक्कलकोट तालुका, जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेतील निवृत्त शिक्षिका:

माझ्या मताने झळ शाळेत अधिक बसते. आमची मुले बालभारतीचीच पुस्तके कन्नडमध्ये शिकतात आणि चौथीत शिवचरित्रही कन्नडमधूनच वाचतात, हे सोलापूर शहरातील अनेकांना सांगूनही खरे वाटत नाही. मात्र दहावीनंतर शास्त्र शाखेत गेलेल्या माझ्या हुशार विद्यार्थिनी पहिले वर्षभर वर्गात गप्प बसत. विषय त्यांना कळत होता, परंतु उत्तर द्यायला मराठी किंवा इंग्रजी शब्द वेळेवर सुचत नसत. अशा मुलींसाठी दहावीच्या सुट्टीत भाषेचा वर्ग असावा, असे मला आजही मनापासून वाटते.

दक्षिण सोलापूर, गृहिणी:

माझे माहेर भीमेपलीकडे, इंडी तालुक्यात आहे. २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये तिथल्या स्त्रियांना तिकीट लागत नाही. माझ्या वहिनीच्या आधार कार्डावर तिथला पत्ता असल्याने ती विनामूल्य प्रवास करते, आणि तिच्याच शेजारच्या आसनावर बसलेली मी पूर्ण तिकीट काढते. आमच्या एसटीत मला अर्धे तिकीट आहे, पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. सोयरीक जुळवताना मात्र आमच्याकडे अजूनही कोणी राज्य विचारत नाही.

मंगळवेढा, ज्वारी उत्पादक शेतकरी:

बसवेश्वर आमच्या गावात राहिले, चोखोबांचे देहावसानही इथेच झाले, आणि दोन्ही भाषांचे भाविक इथे येतात. आमच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा अभिमान आहे. परंतु तालुक्याच्या दक्षिणेकडील गावे वर्षानुवर्षे पाण्याची वाट पाहत आहेत. २०२२ च्या अखेरीस अक्कलकोटकडील काही गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, तेव्हा बाहेरच्या लोकांनी त्यात भाषेचा वाद पाहिला. त्या ग्रामस्थांनी मागितले होते ते रस्ते आणि पाणी, आणि आमच्या शिवारातील मागणीही तीच आहे.