मदत हवी आहे: आकाशगंगेचं केंद्र इन्फ्रारेडमध्येही दिसत नाही

किनारी_तारे: तीन रात्री जागून काढल्या. काणकोणच्या किनाऱ्यावरून धनू राशीचे इन्फ्रारेड फोटो घेतोय. केंद्राच्या जागी तोच काळा पट्टा, साध्या फोटोत असतो तसाच. इन्फ्रारेड धुळीतून पार होतो ना? मग चुकतंय कुठे? रविवारी वाचनालयात मुलांना दाखवायचं कबूल केलंय. लवकर सांगा.

सत्तरीकर: कॅमेरा कोणता? फिल्टर किती नॅनोमीटरचा? आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर आहे का?

म्हापसा_फोटो: आधी लेन्स उजेडात धरून बघा. आपल्या दमट हवेत बुरशी धरते. माझी ५० एमएम दोन पावसाळ्यांत गेली. आता हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, निळी जेल गुलाबी झाली की बदलतो.

किनारी_तारे: लेन्स स्वच्छ आहे हो! डीएसएलआर, आतला इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर काढून घेतलेला. पुढे ८५० चा. ट्रॅकरवर दोन-दोन मिनिटांचे ४० फोटो, पहाटे पावणेपाचला, धनू दक्षिणेला ४५ अंशांवर असताना.

म्हापसा_फोटो: ४० कमीच. २०० काढून स्टॅक करा, म्हणजे एकावर एक रचून एक फोटो करा.

सत्तरीकर: दोन हजार काढले तरी येणार नाही, उगाच जागरण करायला लावू नका. तुमच्या कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा सेन्सर १.१ मायक्रॉनच्या (११०० नॅनोमीटरच्या) पुढे आंधळा असतो. केंद्र २६ हजार प्रकाशवर्षं लांब, मधे धूळ. दृश्य प्रकाशात ३० प्रतींची (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचं माप) घट, म्हणजे लाख कोटी फोटॉनमागे एक पोचतो. २.२ मायक्रॉनवर हीच घट तीनेक प्रतींची. बेकलिन आणि न्यूगेबाउर या खगोलशास्त्रज्ञांना १९६८ साली केंद्र सापडलं ते २.२ वर. त्याआधी, १९४७ मध्ये, स्टेबिन्स आणि व्हिटफर्ड यांनी १.०३ मायक्रॉनवर तोच भाग तपासला होता. त्यांना मधला फुगवटा मिळाला, गाभा नाही. तुम्ही तर त्यांच्याही अलीकडे, ०.८५ वर आहात.

पंचांगप्रेमी: केंद्र मूळ नक्षत्राच्या बाजूलाच आहे. मूळ म्हणजे मुळं! पूर्वजांना ठाऊक असणारच.

सत्तरीकर: नाव सुंदर जुळतं, पण तेवढ्यावरून ठाऊक होतं म्हणता येत नाही. डोळ्यांना तिथे काळोखच दिसतो.

पंचांगप्रेमी: विंचवाची नांगी तिथेच रोखलेली आहे, एवढं तरी मुलांना दाखवा.

किनारी_तारे: नक्षत्रावर वेगळा धागा काढा ना. रविवारचं काय करू?

केपेची_शिक्षिका: मी वर्गात केलंय ते सांगते. टू-मास या इन्फ्रारेड आकाश सर्वेक्षणाच्या प्रतिमा फुकट आहेत. १९९७ ते २००१ मध्ये ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दुर्बिणींनी घेतलेल्या. अलादिन या संगणकावरच्या आकाशनकाशात केंद्राची जागा म्हणून १७ ता. ४५ मि. ४० से., उणे २९ अंश ० कला २८ विकला असं टाका. आधी दृश्य प्रकाशातली प्रतिमा लावा, मग टू-मास. काळ्या पट्ट्यातून तारे वर येतात तेव्हा मुलं बाकावरून उठतात. आणि तुमचे ४० फोटो फेकून देऊ नका. धनूतल्या ताऱ्यांची किटली दिसते, तिच्या चोचीजवळ एनजीसी ६५२२ हा तारकागुच्छ शोधा. तिथे धूळ विरळ आहे, त्याला बाडेची खिडकी म्हणतात. केंद्रापासून चार अंशांवर तुमचा साधा कॅमेराही खोल बघतो.

म्हापसा_फोटो: खिडकीसाठी तरी २०० काढा.

किनारी_तारे: सापडला! १३५ एमएमच्या चौकटीत कोपऱ्यात आहे, मी तो कापून टाकत होतो. बाई, टू-मासची प्रतिमा ए-तीन कागदावर छापली तर तारे फुटून चौकोनी ठिपके दिसतील का?