मदत हवी आहे : क्रेव्ह, लाँग, यर्न, हँकर आणि कव्हेट यांतील फरक

एका इंग्रजी कथेचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मूळ लेखकाने एकाच पात्राच्या मनाविषयी लिहिताना ही पाचही क्रियापदे निरनिराळ्या जागी योजली आहेत. भाषांतरात मात्र सरसकट ‘तीव्र इच्छा होणे’ एवढेच उतरले आहे. शब्दकोशात एक शब्द पाहावा तर अर्थ म्हणून दुसरा दिलेला, आणि दुसरा पाहावा तर फिरून पहिलाच, त्यामुळे छटा काही हाती लागत नाही. क्रेव्हला ‘तलफ’ आणि लाँगला ‘ओढ’ चालावे, असे मला वाटते. परंतु लाँग आणि यर्न यांत खरोखर भेद आहे काय? कव्हेटला निंदेचा वास असेल, तर ‘कव्हेटेड’ पुरस्कार गौरवाने कसा म्हटला जातो? शिवाय त्याच कथेत ‘लस्ट फॉर पॉवर’ असेही आले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

क्रेव्हला ‘तलफ’ बहुतेक ठिकाणी शोभेल, आणि गरोदरपणातील क्रेव्हिंग्ज म्हणजे तर आपले डोहाळेच. मात्र या क्रियापदाचा जुना अर्थ ‘हक्काने मागणे’ असा होता आणि त्याचा अवशेष ‘आय क्रेव्ह युअर पार्डन’ यासारख्या औपचारिक बोलण्यात उरला आहे. तेथे केवळ क्षमायाचना आहे, तलफ नव्हे. (तलफेवरून आठवले : ‘येन’ हा इंग्रजी शब्द चिनी भाषेतून आला तो अफूच्या तलफेसाठीच, जपानी चलनाशी त्याचा संबंध नाही.)

लाँग आणि यर्न यांची वाक्यरचना सारखीच, दोहोंपुढे ‘फॉर’ येतो. परंतु यर्न अधिक साहित्यिक असून त्यात हवी ती गोष्ट बहुधा मिळणार नाही, ही व्याकुळता मिसळलेली असते. म्हणून लाँगला ‘आस’ किंवा ‘ओढ’ आणि यर्नला ‘तळमळणे’ असे मी करीन. ‘झुरणे’ मात्र ‘पाइन’साठी राखून ठेवावे, कारण त्यात माणूस खंगत जातो.

कव्हेटमध्ये वस्तू दुसऱ्याची असते, हे महत्त्वाचे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमधील दहा आज्ञांच्या शेवटी शेजाऱ्याच्या घरादाराचा लोभ निषिद्ध ठरवताना हेच क्रियापद आले आहे, आणि मराठीत ‘एखाद्या वस्तूवर डोळा असणे’ त्याला चपखल बसते. पुरस्कारावर अनेकांचा डोळा असतो, पण तो कोणाकडून हिरावून घ्यायचा नसल्यामुळे निंदा गळून पडते आणि केवळ ‘सर्वांना हवासा वाटणारा’ एवढा भाव उरतो.

लस्टचा जुन्या इंग्रजीतील अर्थ साधा ‘आनंद, आवड’ असा होता, आणि जर्मनमध्ये तो अजूनही तसाच आहे. ‘वाँडरलस्ट’ (भटकंतीची ओढ) तेथूनच आला. आधुनिक इंग्रजीत कामवासना हा प्रमुख अर्थ असला, तरी आपल्या वाक्यात ‘सत्तालालसा’ निःसंकोच लिहावे.

राहिला हँकर. त्यातील इच्छा चिवट असली तरी फारशी उदात्त नसते, म्हणून ‘ध्यास’ वापरू नये. ‘ही हँकर्ड आफ्टर प्रेज’ असे असेल, तर ‘कोणीतरी वाहवा करावी, याकडे त्याचे मन सारखे घोटाळत असे’ हे मला अधिक जवळचे वाटते.