पावसाळ्यात चेनला काय लावावं: ९० नंबर, स्प्रे की जुनं ऑइल?

घाटकरी: ३५० सीसीची बाइक, ओ-रिंगची चेन (म्हणजे पट्ट्यांमध्ये रबरी रिंगा असलेली). पावसाळाभर कऱ्हाड–चिपळूण ये-जा, म्हणजे कुंभार्ली घाट आणि लाल चिखल. गॅरेजवाला म्हणतो, इंजिनातून काढलेलं ऑइल फुकट आहे, तेच लाव. दुकानदार वॅक्सचा स्प्रे पुढे करतो. काय लावू, किती किलोमीटरला?

पाना-पक्कड: जुन्या ऑइलचा नाद सोडा. त्यात काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो, शिवाय पातळ असल्याने निम्मं रिमवर उडतं. पावसात सरळ ९० नंबरचं गिअर ऑइल. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) यांमधलं ग्रीस कंपनीतूनच सीलबंद येतं. बाहेरचं तेल फक्त रोलर, स्प्रॉकेट (चेन फिरते ती दातेरी चक्रं) आणि रिंगांसाठी. म्हणून १०-१५ मिली पुरे. एरवी ५०० किमीला, पावसात २५०-३०० ला.

डबल स्टँड, न्यूट्रल, इंजिन बंद. रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा, फडक्याने कोरडी करा. पेट्रोल नको, रिंगा खराब होतात. तारेचा ब्रश तर नकोच. मग चाक हाताने उलटं फिरवत खालच्या चेनला आतल्या अंगाने, पट्ट्यांच्या फटीत थेंब थेंब सोडा. चेन फिरताना तेल बाहेर फेकलं जातं, म्हणून आतून. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसा. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून तेल सोडणारे दिसतात; स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं की तुटलंच.

घाटकरी: मग स्प्रे बेकार?

सुटा_नट: बेकार नाही, उन्हाळ्यातला आहे. वॅक्सला धूळ कमी चिकटते, पण जोरदार पावसात तो ऑइलइतका भरवशाचा नाही. त्यातलं सॉल्व्हंट (वॅक्स पातळ ठेवणारा द्रव) उडायला वेळ लागतो, तेव्हा रात्री मारा आणि सकाळी निघा. ओल्या चेनवर मारलात तर पाणी खाली कोंडून गंज धरतो. डब्यावर ‘ओ-रिंग सेफ’ लिहिलेलं बघून घ्या. उघड्या चेनला ग्रीस मात्र कधीच नको, वाळू धरून ठेवतं आणि दात खातं.

पाना-पक्कड: एक राहिलं. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला तर कुठलंही ऑइल उपयोगाचं नाही, दोन्ही स्प्रॉकेटसकट सेटच बदला. नुसती चेन बदलली तर झिजलेले दात नवी चेन लवकर खातात.