नॉर्वेजियन 'टीने' डबा कुठे मिळेल? (मिनियापोलिस)

लाडूवाली: शेजारच्या आजींचे पणजोबा नॉर्वेहून आलेले. त्यांना वाढदिवसाला टीने द्यायचाय: पातळ लाकूड वाकवून केलेला लांबट गोल डबा, झाकणाला मूठ. आत बेसनलाडू. बजेट ८० डॉलर.

डेकोरावाला: आयोवातलं डेकोरा गाठा. तिथे व्हेस्टरहाइम या नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालयाचं दुकान आहे, जुलैअखेर नॉर्डिक फेस्टही असतो. माझा टीने नॉर्वेतल्या टेलेमार्क भागाच्या पद्धतीने रंगवलेला आहे, ४०० ला पडला. बघणारा विचारतोच!

कोथरूडकर_काकू: अहो, ८० लिहिलंय तिने! त्यापेक्षा सावंतवाडीचा डबा मागव.

सुतारपक्षी: नॉर्वेच्या आजींना सावंतवाडी?? असो. सांधा बघा. खऱ्या कामात तो झाडाच्या मुळीने शिवलेला असतो. मला ऑनलाइन एकाने 'अँटिक' म्हणून विकला. सांध्याला स्टेपल, तळाला प्लायवूड. परत घ्यायलाही तयार नाही.

रंगरेषा: रंगवलेलाच घ्या, रोझमालिंगशिवाय (नॉर्वेची वेलबुट्टीची रंगकला) काय मजा! इकडे अमेरिकेत ती कला पुन्हा रुजवली पेर लिस्ने यांनी. विस्कॉन्सिनच्या स्टॉटनमध्ये घोडागाड्या रंगवायचे. टेलेमार्कच्या वेली एका बाजूला झुकतात, हालिंगडालची नक्षी दोन्हीकडे सारखी. मला हालिंगडाल आवडते.

डेकोरावाला: हालिंगडाल ठोकळेबाज वाटते. टेलेमार्कच!

सुतारपक्षी: जुने टीने कितीतरी बिनरंगाचेच असायचे. काहींवर तापलेल्या लोखंडाने डागून नक्षी. रंगाचा हट्ट कशाला?

थंडीने_बेजार: हीटरजवळ ठेवू नका म्हणावं. आमचा पहिल्याच हिवाळ्यात तडकला. आणि लाडू थेट ठेवू नका, लाकूड तूप पितं. खाली बटर पेपर घाला.

कोथरूडकर_काकू: तेच म्हणते मी, बटर पेपर घाल. स्टीलचा डबा असता तर ही भानगडच नव्हती.

रंगरेषा: व्हेस्टरहाइममध्ये वर्गही असतात. स्वतःच रंगवा की!

लाडूवाली: मंडळी, घेतला! चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत, ३५ डॉलर. रंग नाही, मुळीचा एक टाका तुटलाय. दोन्ही टोकांना उभ्या खुंट्या आहेत. एक अंगठ्याने बाहेर रेटली की झाकण सुटतं, दाबलं की टक्कन बसतं. रंगवणार नाही, टाकाही तसाच ठेवणार.

डेकोरावाला: तुटका देणार वाढदिवसाला?

लाडूवाली: हो. लाडू चांगले आहेत.