पुढच्या साथीत वॉर्डात घरचं माणूस हवं की नको?

पंचवटीकर:
परवा कट्ट्यावर यावरून जुंपली, म्हणून इथे टाकतोय. २०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, वडील नाशकातल्या एका खासगी हॉस्पिटलात होते. आम्ही खाली पार्किंगमध्ये, डबा वॉचमनकडे. व्हिडिओ कॉलवर सहज मागे लक्ष गेलं तर ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडेच नाहीत, फ्लोमीटरचा (ऑक्सिजन किती वाहतोय ते दाखवणाऱ्या नळीचा) गोळा तळाला, म्हणजे ऑक्सिजन बंद. मास्क मात्र तोंडावर व्यवस्थित! वर निरोप पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. वडील वाचले. माझं म्हणणं, गंभीर पेशंटजवळ पीपीई (संसर्ग टाळायचा पूर्ण पोशाख) घालून घरचं एक माणूस हवंच.

सिस्टर_सिडको:
दादा, त्या नाइट ड्यूट्या मी केल्यात. पीपीई घालताना नाही, काढताना घात होतो. आम्ही शिकलेल्या बायका चुकायचो. एक मुलगा हातापाया पडून आत आला आणि आईला भाकरी भरवायला दोघांचेही मास्क काढून बसला. चार दिवसांनी तोच शेजारच्या खाटेवर. नजर हवी असेल तर नर्स वाढवा. तीस पेशंटमागे दोघी होतो आम्ही.

पंचवटीकर:
भरती होईल तेव्हा होईल, ताई. तोवर बाटलीकडे कोणी बघायचं?

सातपूरचा_फिटर:
बघून तरी काय करणार होतात? त्याच २१ एप्रिलला इथल्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, लाइनचं प्रेशर पडलं. माणसं गेली, आकडा आधी २२, मग एकूण २४. प्रत्येक खाटेशी नातेवाईक असता तरी नुसतं बघतच राहिला असता. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांचा, गळला की पांढरं धुकं, व्हॉल्व्हला हात लावायची सोय नाही. तिथे हवा प्रेशर पडताच आपोआप सुरू होणारा सिलिंडरचा मॅनिफोल्ड (एका लाइनला जोडलेले राखीव सिलिंडर), आणि कुठला व्हॉल्व्ह कधी बंद करायचा हे पाठ असलेला माणूस, रात्रपाळीलासुद्धा. कारखान्यात टँकर खाली होताना आम्ही जागा सोडत नाही. शिवाय वॉर्डात अलार्म.

सिस्टर_सिडको:
अलार्मचं नका सांगू. आमच्या मजल्यावर इतके वाजायचे की कोणीतरी आवाजच बंद करून ठेवायचं. मीही केलाय.

पंचवटीकर:
बघा! म्हणजे फिरून माणसावरच आलं. बरं, आत नको. काचेबाहेर खुर्ची टाकून?

सिस्टर_सिडको:
काचेबाहेर चालेल. भाकरी माझ्याकडे द्यायची.