जुन्या खोती घराण्याची विखुरलेली भातशेती: यंत्र विकत घ्यावे की भाड्याने आणावे?

खाडीकाठ: गुहागर तालुक्यात आमच्या घराण्याकडे एकेकाळी खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरण्याचा वंशपरंपरागत हक्क, होती. कुळकायद्यानंतर जे उरले त्यातली साडेचार एकर भातजमीन आज तीन वाड्यांत, उतारावरच्या लहान कुणग्यांत (बांध घातलेल्या खाचरांत) विखुरलेली आहे. जोत (बैलजोडी) पाळणे परवडत नाही आणि माणसे मिळत नाहीत. दीड लाखाच्या आत कोणते यंत्र घ्यावे?

दापोलीवाला: पॉवर टिलर घ्या. लोखंडी चाके लावली की चिखलणी (लावणीआधी पाण्यात माती कालवणे) उत्तम होते. किंमत दोन लाखांच्या पुढे जाईल, परंतु चांगल्या वस्तूसाठी हात आखडता घेऊ नये.

सड्यावरचा: टिलरमागे चालून कंबर मोडते. मी मिनी ट्रॅक्टर घेतला असून गावात तसा दुसरा नाही.

दापोलीवाला: तो बांधावरून उतरवता कसा, तेही सांगावे.

जुने_दप्तर: खोतांनी यंत्रे घेतली नाहीत ती आळसामुळे नव्हे. पिकाचा मोठा वाटा कुळाकडून घरपोच येत असे आणि वेठीची माणसे फुकट राबत, तेव्हा यंत्राने वाचवायची मजुरी खोताच्या खिशातून जातच नव्हती. उलट इंग्लंडमध्ये जमीनदारांची मोठी शेते खंडाने कसणारे शेतकरी रोख मजुरी देत, म्हणून त्यांना मळणी यंत्र परवडले आणि हिवाळ्यातले काम गमावलेल्या मजुरांनी 1830 साली ती यंत्रे फोडली.

चरीकडचा: ‘खिशातून मजुरी जातच नव्हती’ एवढ्यावर खोतांना सोडू नका. 1933 साली अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध जमीन कसायचे थांबवले आणि संप 1939 पर्यंत चालला. बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक 1937 साली मांडले, तरी कायदा व्हायला 1949 उजाडले.

भातवाला: मूळ प्रश्नाकडे येतो. दोन लाखांचा टिलर दहा वर्षे चालला असे धरले, तर व्याज, डिझेल आणि दुरुस्ती सोडून वर्षाला वीस हजार होतात. साडेचार एकरांवर ते एकरी साडेचार हजारांच्या आसपास पडतात. शेजाऱ्यांची कामे धरून वीस एकर मिळाले, तर एकरी हजारावर येतात. चिखलणी सर्वांची एकाच पावसात येते, म्हणून गिऱ्हाईक आधी पक्के करा, नाहीतर भाड्यानेच आणा. अनुदान हवे असल्यास पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका. सातबारावर सहहिस्सेदार असतील, तर संमतीपत्रांची तयारी आताच ठेवा.

कोकणी_माणूस: पॉवर टिलरच घ्या. विक्रेत्याने मला सुटे भाग आठवड्यात देतो म्हणून सांगितले आणि लावणी उरकली तरी दिले नाहीत, तरीही टिलरच.

खाडीकाठ: सर्वांचे आभार. चिखलणीसाठी टिलर भाड्यानेच आणणार आहे आणि विकत मात्र विजेच्या मोटरीवर चालणारे छोटे मळणी यंत्र घेत आहे. यंत्र कुणग्याकुणग्यांतून फिरवावे लागणार नाही, कारण भारे तसेही खळ्यावरच येतात. शिवाय परतीचा पाऊस आला की झोडणीला माणूस शोधण्यातच भात भिजते. घरची वीज सिंगल फेज आहे, तेव्हा त्यावर कोणती मोटर चालेल एवढे कोणी सांगावे.

सड्यावरचा: मिनी ट्रॅक्टर असता, तर त्यावरच मळणी झाली असती.